डबा कुणाबरोबर खाता?

माझ्या वहीत गुरुवारी दुपारी एक ते पावणेदोन या वेळेसमोर कुणाचंही नाव नसतं. बाकीचे रकाने गच्च भरलेले असतात, कधी कधी एकाच चौकोनात दोन नावं कोंबलेली असतात, पण गुरुवारचा हा चौकोन कोरा. आमच्या सेंटरवर नवीन लागलेली मुलगी परवा म्हणाली, "मॅम, इथे अजून एक पेशंट बसेल की." मी म्हटलं, "नाही बसणार. ती जेवायची वेळ आहे." ती म्हणाली, "जेवायला काय मॅम, दहा मिनिटं पुरतात!" तिला मी रागावले नाही. हेच वाक्य कधीकाळी मीही एका बाईंना ऐकवलं होतं, आणि ते आठवलं की अजून माझी कानशिलं तापतात.

त्या बाई म्हणजे अंबुजाबाई. त्यांना इथून जाऊन आता दोन वर्षं होतील.

अड्यारला एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर आमचं समुपदेशनाचं सेंटर आहे. मनाने थकलेली, घाबरलेली, घरात कुणाशी बोलता न येणारी माणसं तिथे येतात आणि आम्ही त्यांचं ऐकतो. नवऱ्याची बँकेतून चेन्नईला बदली झाली तेव्हा मी इचलकरंजीहून निघाले ती मानसशास्त्राची पदवी, दोन वर्षांचा अनुभव आणि तमिळची तीन वाक्यं घेऊन. त्यातलं एक वाक्य 'मला तमिळ येत नाही' हे होतं. या भांडवलावर मी नोकरी मागायला गेले, हे माझं धाडस म्हणायचं की मूर्खपणा, ते नवऱ्याने अजून ठरवलेलं नाही.

मुलाखत घ्यायला साठीच्या पुढच्या, बारीक अंगाच्या एक बाई बसल्या होत्या. सुती लुगड्यासारखी चापून नेसलेली साडी, दोन्ही नाकपुड्यांत चमक्या आणि केसांत मोगऱ्याचा बोटभर तुकडा. मला वाटलं, झालं, आता तमिळ विचारणार. बाईंनी माझा अर्ज वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मराठी काय गे तूं?"

मी चाटच पडले. बाई तंजावरकडच्या मराठी. त्यांचे पूर्वज कधीकाळी तिकडे गेले आणि तिथलेच झाले. शेजारीपाजारी तमिळ, शाळा तमिळ, स्वप्नंसुद्धा तमिळमध्ये पडत असणार, पण घरात मराठी. तीही अशी, की आमच्याकडे ती पोथीत सापडते. बाई 'येते' म्हणत नसत, 'येत्यें' म्हणत. 'म्हणून'चं 'मणून' करत आणि 'चांगलं'ला 'चोखोट' म्हणत. सगळ्यावर सूर मात्र तमिळचा, वाक्याच्या शेवटी वर चढणारा. माझं बोलणं त्यांनी पाच मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमची मराठी फार धांवते गे. थोडी बैसव तिला. इकडे आलेलीं माणसें दमलेलीं असतात." नोकरी मला तिथेच मिळाली. बदलीवर आलेल्या बँकेतल्या, रेल्वेतल्या कुटुंबांसाठी मराठी-हिंदी बोलणारं कुणीतरी सेंटरला हवंच होतं. तमिळ मी हळूहळू बाईंकडून शिकले.

मी कामाला लागले ती कागदांचं भेंडोळं घेऊन. माझे फॉर्म होते, तक्ते होते. समोरच्याला मी विचारायची, "शून्य ते दहामध्ये आज तुमची चिंता किती?" बाई पलीकडून ऐकायच्या आणि माणूस गेल्यावर विचारायच्या, "काय गे, ताप उतरला काय त्याचा?" फॉर्म वाईट असतात असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. "भर की. पण आधीं माणूस बघ, मग आंकडा बघ," एवढंच.

त्यांची खोली पाहून मी पहिल्याच दिवशी नाक मुरडलं होतं. टेबलावर कागदी रुमालांचा डबा नाही! आम्हाला शिकवलेलं असतं की तो समोर हवा, हाताशी हवा. मी दुसऱ्या दिवशी एक विकत आणून ठेवला. बाईंनी तो उचलून माझ्या खोलीत परत आणून दिला. म्हणाल्या, "रडणाऱ्यापुढे रुमाल धरला मणजे काय होतें? पूस बाई आतां, पुरे झालें, असें सांगितल्यासारखें होतें. त्याला रडूं दे." मग रडून झाल्यावर काय? तर खोलीच्या कोपऱ्यात एक हात धुवायचं बेसिन होतं आणि शेजारी खुंटीला रोज धुतलेला पंचा. माणूस उठायचा, नळ सोडायचा, गार पाण्याने खसाखसा तोंड धुवायचा. बाई तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत बसायच्या. मी पुढे कितीतरी जणांना त्या बेसिनपाशी पाहिलं. कण्हत कुथत आत आलेली माणसंही तोंड धुताना ताठ उभी राहतात.

कॉफीचंही तसंच. बाई कॉफी सुरुवातीला कधी देत नसत. "आधीं दिली की तो पाहुणा होतो. पाहुणा खरें बोलतो काय?" तास संपता संपता थर्मासमधली फिल्टर कॉफी यायची, आणि पाऊण तास आपल्या सासूचं नाव न काढलेली बाई कॉफीचा पेला हातात आल्यावर सासूबद्दल बोलू लागायची. मग तास लांबायचा. वेळेच्या बाबतीत बाई ढिल्या होत्या असं मात्र नाही. घड्याळ त्या मनगटाच्या आतल्या बाजूला बांधत, तबकडी तळव्याकडे. मांडीवरचा हात नुसता उताणा केला की त्यांना वेळ दिसे आणि समोरच्याला त्यांनी घड्याळ पाहिल्याचं कळत नसे. इतकी वर्षं शेजारी काम करून मीही ती तबकडी धड पाहिली नव्हती.

चेन्नईत माणसं भेटली की विचारतात, "साप्टाच्चा?" म्हणजे जेवलात का. बसस्टॉपवर, लिफ्टमध्ये, फोन उचलल्या उचलल्या, सगळीकडे तेच. उत्तर 'हो' असंच असतं, पोटात कावळे ओरडत असले तरी. बाईंनी त्या प्रश्नाला स्वतःचं एक शेपूट जोडलं होतं. त्या विचारत, जेवता कुणाबरोबर? डबा कुणाबरोबर खाता?

मला हे गप्पांचं साधन वाटायचं. मग एकदा गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यातले सुपरवायझर आले. म्हणजे बायकोने आणले. पाच-सहा महिन्यांपासून घरात बोलणं बंद, झोप नाही, पोटात सतत गॅस. आमच्याकडे येणारं कुणी 'मी दुःखी आहे' असं म्हणत येतच नाही. झोप येत नाही, पाठ भरून येते, मुलगा अभ्यास करत नाही, असं म्हणत येतात. इचलकरंजीतही तेच आणि इथेही तेच. या गृहस्थांपुढे मी माझे दोन फॉर्म ठेवले, त्यांनी ते इमानाने भरून दिले आणि पुन्हा छताकडे बघत बसले. मी हात टेकले. बाई आत आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि विचारलं, "डब्यात काय नेता?"

"दहीभात."

"कुणाबरोबर खाता?"

त्यांनी छताकडची नजर खाली आणली. मग तो थोराड माणूस बोलायला लागला. वीस वर्षं ते मशीनवर आठ जणांच्या टोळीत होते. आठही डबे एका वर्तमानपत्रावर उघडायचे, कुणाचं लोणचं कुणाच्या भातावर. मग त्यांना बढती मिळाली, काचेची केबिन मिळाली. पहिल्या दिवशी ते डबा घेऊन खाली गेले तर टोळीतले सातही जण उठून उभे राहिले. पुन्हा ते खाली गेले नाहीत. बायको घरी बढतीचे पेढे वाटत होती, तिला काय सांगणार? मी भरून घेतलेल्या फॉर्मांत 'बढती' या शब्दासाठी जागाच नव्हती.

आणखी एक गोष्ट बाईंची, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. निघताना 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं, हे आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडतं. तमिळमध्येही अगदी तसंच. 'पोयिट्टु वरेन' म्हणायचं, जाऊन येतो. नुसतं 'पोरेन', जातो, असं कुणी म्हणालं तर घरातली म्हातारी माणसं कानांवर हात ठेवतात. आमच्या बाईंनी या रीतीला हात घातला होता. त्यांच्याकडे दर आठवड्याला येणारा माणूस 'वरेन', येतो, म्हणून जायचा. पण ज्या दिवशी तो बरा झाला असं दोघांना पटायचं, त्या दिवशी दारात उभं राहून त्याने 'पोरेन' म्हणायचं. आणि बाईंनी, नेहमीच्या 'जाऊन या'ऐवजी, 'पोंगो' म्हणायचं. जा. "ह्या खोलींत परत येण्याची जरूर नाहीं, हें त्याच्या कानांनी ऐकलें पाहिजे," असं त्यांचं म्हणणं.

लोकांची काय त्रेधा उडायची! मैलापूरच्या एक सोवळ्या आजी होत्या. आजोबा गेल्यावर त्या दीड वर्ष बाईंकडे येत होत्या. शेवटच्या दिवशी त्या उंबऱ्यात पंधरा मिनिटं अडून बसल्या. अपशकुन कसा बोलू? माझ्या ऐवजी सून म्हणाली तर चालेल का? चिठ्ठीवर लिहून दिलं तर? शेवटी आजींनी तह केला. "मी म्हणते, पण कुठल्यातरी लग्नात भेटू असं तुम्ही म्हणा." बाई खळखळून हसल्या आणि म्हणाल्या, "लग्नात जरूर भेटू, रस्त्यात भेटू, देवळात भेटू. फक्त या खोलीत नको." तेव्हा कुठे आजींनी डोळे घट्ट मिटून 'पोरेन' म्हटलं आणि लगेच दाराच्या लाकडाला हात लावला. मी मागे उभी होते. मला हसू आलं आणि का कोण जाणे, डोळेही भरून आले.

तर आता गुरुवार.

दर गुरुवारी बारा वाजता रामनाथन सार (इकडे सरांना 'सार' म्हणतात) यायचे. हे त्यांचं खरं नाव नाही, आणि त्यांची परवानगी घेऊनच मी हे लिहिते आहे. एका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, बिनलग्नाचे, तिरुवल्लिकेणीत एकट्या पुरुषांसाठी खोल्या मिळतात तसल्या एका जुन्या मॅन्शनमध्ये राहणारे. पांढरी वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, काखेत छत्री. भाऊ अचानक गेल्यावर त्यांना रस्ता ओलांडताना छातीत धडधडायला लागलं, इतकं की बसस्टॉपवर उभे राहून ते तसेच खोलीवर परत जात. ते पहिल्यांदा बाईंकडे आले ते रिक्षातून, डोळे मिटून. मी सेंटरवर लागले तेव्हा मात्र ते दोन बस बदलून येत होते आणि वाटेत उतरून बाईंसाठी ताजी कॉफी पूडही दळून आणत होते.

बाईंचा रोजचा डबा दोन पुडांचा असे. गुरुवारी चार पुडांचा. मला हे दिसत होतं, पण मी त्याचा विचार केला नव्हता. पाऊण वाजता त्यांचं दार बंदच असे आणि आतून पुडं उघडल्याचा आवाज येई. मी माझ्या खोलीत, एका हाताने पोळी तोडत, दुसऱ्या हाताने फॉर्म भरत बसलेली असे.

मग एका मुलीची अडचण आली. चार महिन्यांचं बाळ, झोप उडालेली, बाळाला हात लावायची भीती वाटायची. घरचे म्हणत, थकवा आहे, जाईल. तिला तमिळ बोलणारी, वडीलधारी बाईच हवी होती, म्हणजे अंबुजाबाईच. आणि तिची आई नोकरी सांभाळून फक्त गुरुवारी दुपारी बारा वाजता बाळाला धरू शकत होती. मी वही उघडली. गुरुवार, बारा: रामनाथन. मी त्यांची फाईल काढली. तीन वर्षांच्या नोंदी मी उभ्याउभ्याच वाचल्या. बाईंच्या बारीक अक्षरात दर आठवड्याला तेच. 'बरे आहेत.' 'बरे आहेत. डांगर आवडलें.' 'बरे.'

मी नियमांची बाई. रागही मला लवकर येतो. फाईल घेऊन मी तशीच बाईंच्या खोलीत गेले.

"बाई, हे गृहस्थ बरे आहेत."

"होय."

"तीन वर्षांपासून बरे आहेत."

"होय गे."

"मग येतात कशाला?"

बाईंनी वही मिटली. "मी येऊं देत्यें मणून येतात."

"इकडे ती पोर रात्ररात्र रडते आहे, तिला वेळ नाही. आणि आपण इथे डबा खातो? जेवायला काय, दहा मिनिटं पुरतात! त्यासाठी पेशंटचा तास घालवायचा?"

हे मी बोलले. ज्या बाईने मला या गावात उभं केलं तिला बोलले. मांडीवरचा हात उताणा करून बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, जणू मी कुणी समोर बसलेली पेशंट होते. मग म्हणाल्या, "त्या मुलीला पुढच्या नाहीं, त्याच्या पुढच्या गुरुवारी बोलाव. तूं खरें बोललीस. फार मोठ्यानें बोललीस, पण खरें बोललीस."

पुढच्या गुरुवारी रामनाथन सारांना विचारून त्यांनी मलाही आत बोलावलं. "हें कसें करायचें तें बघ. तुलाही एक दिवस करावें लागेल." मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. बारा ते पाऊण त्या दोघांनी काय बोलायचं ते बोलून घेतलं. मॅन्शनमधलं पाणी, भावाच्या मुलीचं शिक्षण, गुडघे. मग चार पुडं उघडली. त्या दिवशी डांगर पच्चडी होती. आमच्याकडे उडदाचं पीठ दह्यात कालवून डांगर करतात, तेच. आपल्याकडून निघून इतक्या लांब येऊन ते नुसतं 'पच्चडी' हे आडनाव लावून बसलं आहे. दोघं जेवली. बाईंनी पेल्यात कॉफी ओतली आणि तमिळमध्ये सांगितलं,

"सार, तुम्ही बरे झालात. खरं तर फार आधीच झालात. मी तुम्हाला सांगायला उशीर केला. ती माझी चूक आहे."

रामनाथन सारांनी पेला खाली ठेवला. मला वाटलं आता यांचा चेहरा पडणार. ते उलट हलकेच हसले.

"मॅडम, मला ठाऊक आहे. मी तीन वर्षांपूर्वीच 'पोरेन' म्हणायला आलो होतो. त्या दिवशी दारात मी तुम्हाला विचारलं, तुम्ही सगळ्यांना विचारता, तुम्ही स्वतः कुणाबरोबर जेवता? तुम्ही म्हणालात, गुरुवारी तुमच्याबरोबर." त्यांनी वेष्टीवरचं न दिसणारं शीत झटकलं. "मग मी कसा जाणार?"

बाई रिकामी पुडं एकावर एक रचू लागल्या. इतकी वर्षं त्या शेकडो माणसांना तो एक प्रश्न विचारत होत्या. त्या एकट्या राहत होत्या, यजमान जाऊन खूप वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, हे आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं. आम्ही सगळे मन वाचायला शिकलेले लोक, सहा जण त्या बंगल्यात काम करत होतो. त्यांना तो प्रश्न उलटा विचारला तो एकट्या रामनाथन सारांनी. मी शेजारच्या खोलीत, भिंतीपलीकडे, रोज एकटी पोळी तोडत होते, आणि मला तो सुचला नव्हता. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

सार उठले. बेसिनपाशी जाऊन त्यांनी सावकाश तोंड धुतलं, पंच्याने पुसलं, छत्री काखेत घेतली आणि उंबऱ्यात उभे राहिले. "पोरेन, मॅडम."

"पोंगो," बाई म्हणाल्या. आवाज अगदी स्वच्छ होता.

छत्री फाटकाबाहेर गेली. बाई बेसिनकडे वळल्या आणि नळ सोडून त्यांनी स्वतःचं तोंड धुतलं. मी खिडकीबाहेर बघत बसले.

त्याच्या पुढच्या गुरुवारी बारा वाजता ती मुलगी आली. ती बरी झाली हेही सांगायला हवं. सात महिन्यांनी बाळाला कडेवर घेऊन, हसत, मोठ्याने 'पोरेन' म्हणून गेली. म्हणजे माझं बरोबरच होतं, आणि तरीही मला त्याचा कधी आनंद झाला नाही. माणसाचं बरोबर असून त्याला इतकं वाईट वाटू शकतं, हे मला कुठल्या पुस्तकात भेटलं नव्हतं.

त्या पहिल्या गुरुवारी मुलगी गेल्यावर, एक वाजता, मी माझा डबा घेऊन बाईंच्या दाराशी गेले. त्यांच्यापुढे दोनच पुडं होती.

"काय गे? रिकामी खुर्ची भरायला आलीस? दया करतेस काय माझ्यावर?"

"नाही बाई," मी म्हटलं. "मी पण एकटीच खाते."

हे बोलेपर्यंत मला ते ठाऊक नव्हतं. नवरा बँकेत, शेजार तमिळ, आई फोनवर. या गावात येऊन मला दोन वर्षं झाली होती आणि दुपारचं जेवण मी एकदाही कुणासमोर बसून जेवले नव्हते. बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग पायाने समोरची खुर्ची पुढे ढकलली. "बैस. आणि ते फॉर्म तिकडे ठेवून ये."

चार वर्षं आम्ही गुरुवारी एकत्र जेवलो. बाकीचे दिवस कामाच्या धबडग्यात चुकायचे, गुरुवार चुकला नाही. मी तिथे काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. डांगर एकदा त्यांच्या पद्धतीने व्हायचं, एकदा माझ्या, आणि कोणतं चोखोट यावर भांडण व्हायचं. रामनाथन सारांचं नाव त्या काढत नसत. फक्त कॉफीचा पहिला घोट घेतल्यावर कधीतरी म्हणत, "ही पूड तशी नाहीं गे." नियम त्यांचाच होता. बरा झालेला माणूस परत बोलवायचा नाही, त्याची चौकशी करायची नाही, त्याला आपली गरज लागू द्यायची नाही आणि आपल्याला त्याची.

मग गुडघ्यांनी दगा दिला आणि बाईंनी तंजावरला परत जायचं ठरवलं. तिथे त्यांची भावजय होती, विधवा, मोठ्या घरात एकटीच जेवणारी. "दोघी समोरासमोर बसूं आणि एकमेकींच्या सांबाराला नांवे ठेवूं," असं त्यांनी जाहीर केलं. गाडी एग्मोरहून दुपारची होती आणि वार, तुम्ही ओळखलाच असेल, गुरुवार.

आदल्या दिवशी मी एक अपराध केला. जे मी शिकाऊ मुलींना हजारदा बजावते तेच मोडलं. जुन्या फायलींचं कपाट उघडलं, रामनाथन सारांची फाईल काढली आणि पहिल्या पानावरच्या नंबरवर फोन लावला. जास्त काही बोलले नाही. कोण बोलते आहे ते सांगितलं, गाडीची वेळ सांगितली आणि ठेवून दिला.

आम्ही फलाटावर पोचलो तर ते आधीच बाकावर बसलेले होते. तीच पांढरी वेष्टी, तीच छत्री, मांडीवर कापडी पिशवी. बाई थबकल्या. आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हमालाशी बोलत असल्याचं सोंग केलं.

"सार, तुम्ही 'पोरेन' म्हणाला होतात," बाई म्हणाल्या. आवाज कडक ठेवायचा प्रयत्न होता.

"म्हणालो होतो, मॅडम. त्या खोलीत म्हणालो होतो. हे एग्मोर आहे."

बाई हसल्या. मैलापूरच्या आजींसमोर हसल्या होत्या तशा, खळखळून, आणि बाकावर त्यांच्या शेजारी बसल्या. मी पाणी आणायला म्हणून निघाले आणि मुद्दाम लांबच्या स्टॉलवर गेले. परत आले तर सारांनी पिशवीतून केळीच्या पानात बांधलेली दहीभाताची पुडकी काढून ठेवली होती. दोन उघडलेली होती पण कुणी हात लावला नव्हता. तिसरं पुडकं बांधलेलंच होतं, माझ्या जागेसमोर.

"ये गे लवकर," बाई ओरडल्या. "आम्ही थांबलों तुजसाठीं."

बाकावर एका ओळीत बसून आम्ही तिघं जेवलो. समोरून हमाल जात होते, सूचना होत होत्या. शेवटी सारांनी पिशवीतून कॉफी पुडीचं पाकीट काढून बाईंच्या हातात दिलं. बाईंनी ते नाकाशी धरलं आणि बराच वेळ धरून ठेवलं.

गाडीत त्यांना खिडकीची जागा मिळाली. मी गजांपाशी उभी राहिले. त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, "आतां गुरुवारी डबा कुणाबरोबर?"

"बघू, बाई."

"बघूं नव्हे. सांग."

मी काही बोलणार एवढ्यात मागून सार म्हणाले, "मला दोन बस लागतात, मॅडम. पण रस्ता आता मी ओलांडतो." बाईंनी मान हलवली आणि माझा हात सोडला.

गाडीने धक्का घेतला. मी मनाची तयारी करून आले होते. बाई आता त्यांच्या रीतीने 'जात्यें' म्हणणार आणि मला धीटपणे 'जा' म्हणावं लागणार, हे मी रिक्षात दहादा घोकलं होतं. बाईंनी हात वर केला. तळवा आमच्याकडे आला तशी मनगटाच्या आतली ती तबकडी पहिल्यांदा मला सरळ समोर दिसली. पांढरी, साधी, जुनी. त्यांनी सारांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले आणि थांबले.

"वरेन, सार," त्या म्हणाल्या. आणि मग मला, गाडीच्या आवाजावरून, ओरडून, "येत्यें गे!"

आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असणार. त्यांनी जीभ चावली. पण शब्द परत घेतला नाही. डबा पुढे सरकला, हात खिडकीबाहेरच होता, आणि शेजारी उभे असलेले रामनाथन सार छत्री उंच धरून त्यांना सांगत होते, "पोयिट्टु वांगो, मॅडम, पोयिट्टु वांगो." जाऊन या.